बेबीकाकूचं गोरं माहेर

माझा धाकटा भाऊ पप्पू आता बंगळूरला मोठ्या कंपनीत आहे आणि तिथं त्याला कोणी पप्पू म्हणत नाही. परवा फोनवर म्हणाला, "ताई, यंदा सुट्टीत आम्ही चौघंही कंबोडियाला चाललो. फिरायला नाही, सेवा करायला. एका खेड्यात राहायचं, शाळेला रंग द्यायचा, मुलांना शिकवायचं. पोरांनाही जग कळेल." मी म्हटलं, चांगलं आहे. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "तुला ब्रॅम आठवतो का रे?" तो म्हणाला, "तो गोट्यांवाला? हो तर. माझी निळी गोटी घेऊन गेला तो." एवढंच. तेव्हा पप्पू पहिलीत होता, त्याला काय दोष द्यायचा. मी आठवीत होते, आणि आठवीतल्या पोरीला सगळं आठवतं, नको तेसुद्धा. आता घरात मी जुनं काही सांगायला बसले की माझी मुलं चपला शोधू लागतात. म्हणून हे कागदावर घालते आहे. कागद उठून जात नाही.

आमचं घर वलगावात. अमरावतीच्या एवढं जवळ की शहराला आम्ही परकं मानत नव्हतो, आणि एवढं लांब की शहर आम्हाला मानत नव्हतं. बाबा गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. वीस वर्षं त्यांनी इंग्रजी मराठीतूनच शिकवलं होतं, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती, त्यांच्याही नाही. अमरावतीच्या एका संस्थेनं विचारलं की, हॉलंडहून एक कुटुंब वर्षभर काम करायला येतंय, दोन लेकरं आहेत, खेड्यातच राहायचं म्हणतात, तर तुमच्या समोरच्या दोन खोल्या द्याल का? बाबांनी छाती फुगवून हो म्हटलं. ते कुटुंब आलं आणि पहिले कितीतरी दिवस बाबा आणि ते पाहुणे एकमेकांकडे पाहून नुसते हसत राहिले. बाबांचं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं आणि त्यांचं बाबांना. मोठाई म्हणायची, "मास्तर, तुमी त्याइच्याशी मराठीतच बोला. तेवढंच समजन त्याइले, अन् तुमालेबी सोपं जाईन." मोठाई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा लवकर गेले, लेकरू नव्हतं, तेव्हापासून आमचं घर तीच चालवायची. माझी आई तिच्यापुढं नव्या सुनेसारखी राहायची ती शेवटपर्यंत.

पाहुण्यांची नावं गावानं आपल्या सोयीनं करून घेतली. बाप यान, तो यानभाऊ झाला. एवढा उंच की आमच्या दाराच्या चौकटीनं त्याच्या कपाळावर कायमची खूण केली. तो पंप, हापशा, शाळेची छपरं दुरुस्त करायचा. बायको मारिका, ती नर्स होती. संस्थेच्या बाईंबरोबर ती घरोघर जायची, आणि त्या वर्षांत कोणत्या घरांत जायची ते सांगायला नको. तेव्हा आमच्याकडे माणसं सकाळी शेतात जायची आणि काही परत यायची नाहीत. वर्गात हजेरी घेताना बाबा एखाद्या नावाशी अडखळायचे, चष्मा पुसायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. आम्ही समजून जायचो की ह्याच्याकडे झालं. घरात मोठाई कीटकनाशकाचे डबे कोठीच्या वर, कुलपात ठेवू लागली. आमच्या घरात तसं काही होणार नव्हतं, बाबांचा पगार होता. तरी ठेवू लागली.

मुलांची गोष्ट वेगळी. ब्रॅम सहा वर्षांचा, तो आला त्या संध्याकाळीच पप्पूबरोबर मातीत बसला आणि पुढं तिथून उठलाच नाही. आणि लोटी. तिचं खरं नाव लोट्ट किंवा असंच काही होतं. पोट्टे त्याचा लोटा करायला लागले, तेव्हा मोठाईनं त्यांना दम भरून तिची लोटी केली. ती माझ्याहून वर्षानं लहान, चेहराभर तीळ, आणि मराठी आमच्या गल्लीतून शिकलेली. त्यामुळे ती पुण्याच्या पाहुण्यांसमोर सरळ म्हणायची, "मले भूक लागून राहिली, तुमाले नाई लागली का?" आईबापांना शेवटपर्यंत जेवढं आलं नाही तेवढं तिला दिवाळीच्या आधी आलं. मोठाई तिला ज्वारीची भाकरी आणि ठेचा भरवायची, ती हाशहुश करत डोळे पुसत खायची आणि वर आणखी मागायची. मारिकाताई दारात उभी राहून हे पाहायची आणि काही बोलायची नाही. मला वाटतं, लेकरांना घेऊन परक्या देशात येणाऱ्या आईला रोज कितीदा गप्प राहावं लागतं, ते तिच्याकडून मोजून घ्यायला हवं होतं.

आमच्या घरासमोर संगीचं घर. संगी माझ्या वर्गातली, माझी जिवाची मैत्रीण. तिचे वडील मधुकरकाका त्या साली पोळ्याच्या आधी गेले. शेतातून आले नाहीत, तसे गेले. पोळा त्या घरावरून सुना गेला, महालक्ष्म्या सुन्या गेल्या. आमच्याकडे रीत अशी की, ज्या घरात माणूस जातं तिथं कढई चढत नाही. तळण नाही, गोड नाही, सण नाही. मग पहिल्या सणाला बाईच्या माहेरची माणसं येतात, लुगडं आणतात, गोडाचं करून तिच्या तोंडात घालतात आणि दुखवटा काढतात. तेव्हा घर पुन्हा माणसांत येतं. शेजाऱ्यानं तो काढायचा नसतो. संगीची आई बेबीकाकू हिला माहेर असं उरलंच नव्हतं. आईबाप गेलेले, एक भाऊ सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. सासरचा एकटा दीर, नामदेवराव, तिकडे अकोल्याकडे हिवरखेडला. तो तेराव्याला आला आणि गेला. म्हणून ते घर तसंच राहिलं, दार लोटलेलं. संगी शाळेत येईना. बेबीकाकू पाण्याला यायची तीसुद्धा हापशावर कोणी नसेल तेव्हा.

आणि भुलाबाई आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी मातीच्या भुलाबाईला पाटावर बसवतो, रोज संध्याकाळी घरोघर जाऊन टाळ्या वाजवत गाणी म्हणतो. गाणी झाली की त्या घरची पोरगी बंद डबा आणते आणि कानाशी वाजवते. आत खिरापत. ती काय आहे ते ओळखल्याशिवाय मिळत नाही. "गोड की तिखट?" "ओलं की कोरडं?" एवढंच विचारायची मुभा. ह्या खेळात गावातली सगळ्यात ढ मी होते. मी दर वेळी "शेंगदाण्याचे लाडू" म्हणायची, कारण मला तेच आवडायचे. संगीचं मात्र कानातच काहीतरी होतं. डबा एकदा खडखडला की ती सांगायची: मुरमुरे, पण त्यात डाळ्या आहेत. करंज्या, पण कालच्या. बायका तिला भिऊन फडक्यात गुंडाळून खिरापत ठेवायच्या, तरी ती ओळखायची.

त्या साली ती आमच्यात नव्हती. आम्ही आमच्या अंगणात गाणी म्हणत होतो, समोर तिचं दार बंद. लोटी आमच्या घोळक्यात, तोंडानं सगळी गाणी, अर्थ विचारला तर एकाचाही नाही. तसा तो आम्हालाही नव्हता. मी डबा आणला आणि वाजवला. कोणाला जमेना. चिवडा, शंकरपाळे, मक्याच्या लाह्या, सगळं झालं. मी फुशारून गेले होते. तेवढ्यात समोरच्या बंद दाराआडून आवाज आला.

"खारे दाणे वं! फुटाणेबी हायेत त्याच्यात!"

दाराआड लगेच कोणीतरी कोणाला दटावल्याचा आवाज झाला. खारे दाणे आणि फुटाणेच होते. मोठाईनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. लोटीनं मला विचारलं, "थे दार बंद काहून हाय?" मी काय सांगणार? म्हटलं, तिथं जायचं नसतं. "काहून?" लोटीला उत्तराची वाट पाहायची सवय नव्हती. तिनं माझ्या हातातला डबा घेतला, अंगण ओलांडलं, दार ढकललं आणि आत गेली. आम्ही उंबऱ्यापाशी थिजल्यासारख्या उभ्या. आतून लोटीचा स्वच्छ वऱ्हाडी आवाज: "तू ओळखलं, मंग तुहं आहे हे. घे ना." संगीचं रडणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाप गेला तेव्हा ती रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खिरापतीची पाळी लोटीची होती. मारिकाताईनं आमच्या चुलीवर कढई मागितली आणि कणीक-मैदा भिजवून, केळं कुस्करून त्याचे गोळे तळले. त्यांच्या देशात नव्या वर्षाला तळतात म्हणे. मोठाईनं एक उचलून पाहिला आणि जाहीर केलं, "अवं बाई, हे तं गुलगुले होत!" एवढ्या लांबून येऊन बाईनं गुलगुलेच केले, ह्याचा तिला फार आनंद झाला. पण गाणी सुरू व्हायच्या आधीच मारिकाताई ताटली भरून समोरच्या घरात गेली. मागे यानभाऊ, त्याच्या खांद्यावर ब्रॅम, आणि लोटी. आमच्याकडे आनंदात एकमेकांच्या तोंडात घास घालतात हे तिनं पाहिलं होतं. तिनं गुलगुला घेतला आणि बेबीकाकूच्या तोंडात घातला. बेबीकाकूनं डोळे मिटले. कढईतलं, गोड, आणि तोंडात घातलेलं; आता ते परत घेता येत नव्हतं.

"काय करून बसली वं हे," मोठाई हळूच म्हणाली. दारात जमलेल्या बायका तिच्याकडे पाहत होत्या, कारण रीतीच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. "आता झालं ते झालं. कढई आमची असन, पण घास हिचा हाये. दुखवटा निघाला. हे लोकं आता बेबीचं माहेर."

मारिकाताईला हे बाबांनी समजावून सांगितलं. म्हणजे बाबांच्या इंग्रजीत सांगितलं. तिनं बाबांचे हात धरले आणि तिचे डोळे भरून आले. तिला काय समजलं ते तिचं तिला ठाऊक. मला वाटतं, तिला एवढंच समजलं की ह्या बाईनं आपल्याला आपलं मानलं. ते खोटं नव्हतं. फक्त आमच्याकडे माहेर म्हणजे आपलं मानणं एवढंच नसतं.

त्यानंतर बेबीकाकू माणसांत आली. कापूस वेचायला जाऊ लागली, मारिकाताईला "वैनी" म्हणू लागली. संगी शाळेत आली आणि माझ्या बाजूला बसून पुन्हा माझी गणितं करू लागली, ह्यात माझा स्वार्थ किती आणि मैत्री किती ते देवाला माहीत. यानभाऊ सकाळी हापशावर दिसला की बेबीकाकू डोक्यावर पदर घ्यायची आणि विचारायची, "भाऊ, जेवले का?" तो त्याच्या ठरलेल्या तीन शब्दांत सांगायचा, "हो, लय मस्त." सकाळचे सात वाजलेले असले तरी.

थंडीत नामदेवराव हिवरखेडहून आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. ते संगीला न्यायला आले होते. तिकडे एक स्थळ पाहिलं होतं. पोरगा चांगला, घरचं शेत. ते काही राक्षस नव्हते. भावाची लेक आपल्या डोक्यावर आहे, गावोगाव असं होत आहे, तेव्हा पोरीला लवकर उजवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि तसं त्यांच्यासारखे कितीतरी म्हणत होते. बेबीकाकू चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "माया भावाले विचारतो."

"कोणता भाऊ? सुरतचा?"

"नाई. हा समोरचा."

मग आमच्या अंगणात बाज टाकली. तिच्यावर यानभाऊ गुडघे हनुवटीशी घेऊन बसला, समोर नामदेवराव, मध्ये बाबा दुभाषी. आज आठवलं की हसू येतं आणि लगेच जातं. नामदेवरावांनी रीतीप्रमाणं त्याला पान दिलं, त्यानं ते खाल्लं आणि त्याचा चेहरा पाहून ब्रॅम आणि पप्पू लोळले. पण मानाची गोष्ट मानानं झाली. बाबांनी विचारलं, भाऊ म्हणून तुमचं मत काय? यानभाऊ म्हणाला, मुलीनं दहावी तरी करावी, मग पाहावं. नामदेवराव तंबाखू मळत बसले. शेवटी म्हणाले, "माहेरच तसं म्हणते तं मी कोण बोलणारा? पण मंग पोरीचं जे होईन ते तुमच्यावर, भाऊ." बाबांनी त्याचं भाषांतर केलं. यानभाऊनं हसून मान हलवली. दाराआड संगीनं माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली.

होळीच्या सुमारास ब्रॅम पिवळा पडला. डोळे पिवळे, नखं पिवळी, तोंडाला अन्न लागेना. गोट्या खेळता खेळता तो कुठल्या कुठल्या माठातलं पाणी प्यायला होता कोणास ठाऊक. मोठाईनं कावीळ उतरवणाऱ्या माणसाला बोलवायला निघावं, तेवढ्यात यानभाऊनं त्याला ब्लँकेटात गुंडाळलं आणि गावातल्या रहीमचाचांच्या ऑटोत घालून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. मारिकाताई मागे बसली तेव्हा मागं वळून पाहायची तिची स्थिती नव्हती. लोटी चपला न घालताच गेली. दवाखान्यातूनच त्यांच्या देशाला फोन झाले, तिथल्या डॉक्टरांनी म्हटलं पोराला आणा. ते नागपूरला गेले आणि तिथून विमानानं. सामान नंतर संस्थेच्या गाडीनं नेलं. माझं पोरगं तसं पडलं असतं तर मीही मागं वळून पाहिलं नसतं. हे मला आई झाल्यावर समजलं, त्याआधी मी त्यांच्यावर फार रागावून घेतलं.

ते गेले हे कळायला बेबीकाकूला वेळ लागला. ती रोज समोर येऊन विचारायची, "भाऊ कवा येते, मास्तर?" बाबा चष्मा पुसायचे. ब्रॅम बरा झाला असं संस्थेकडून कळलं. ती म्हणाली, "देव पावला," आणि शनिवारी मारुतीला तेल घालून आली. मग उन्हाळ्यात नामदेवराव पुन्हा आले.

"वैनी, कुठं हाये तुमचा भाऊ?"

मोठाई अंगणातून ओरडली, "मी हावो ना! माया घरच्या कढईतला घास होता थो!"

नामदेवरावांनी तिला हात जोडले. "तुमचा मान मोठा, माय. पण तुमी शेजारी. शेजाऱ्यानं शेजाऱ्यावानी राहावं." बाबांनी कायदा सांगितला, वय सांगितलं. नामदेवराव शांतपणे म्हणाले, "मास्तर, मी कुठी लग्न लावून राहिलो? पोरगी घरी नेऊन राहिलो." मोठाईनं आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं रीतीला शिवी दिली. पण दुखवट्याच्या वेळी रीत तिनंच सांगितली होती, आणि ते तिलाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं. अकोल्याच्या एसटीत मायलेकी बसल्या. संगीच्या पिशवीत वह्या होत्या. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं, आम्हाला पत्रिका आली नाही.

खूप वर्षांनी अकोल्याला एका लग्नात ती मला भेटली. मी तिला ओळखलं नाही, तिनं मला माझ्या बोलण्यावरून ओळखलं. कान तिचे तसेच. कडेवर नातू होता. एवढी तरुण आजी मी पाहिली नव्हती. बेबीकाकू गेल्याचं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "लोटी येते का वं कधी?" मी म्हटलं, नाही. "तिचं काय चुकलं म्हना. दार तं तिनंच उघडलं होतं." आणि जेवणाच्या पंगतीत वाढायला निघून गेली.

पप्पूला मी हे फोनवर सांगणार होते. पण त्याची मुलं मागून ओरडत होती, लसी टोचून घ्यायच्या होत्या, तो म्हणाला, "ताई, नंतर बोलू." मी म्हटलं, "जा, नक्की जा. फक्त तिथं कोणी कोणाच्या तोंडात घास घालताना दिसलं, तर आधी विचार, का घालतात." तो हसला. त्याला वाटलं, मी पोटाच्या तब्येतीबद्दल बोलतेय.

संगी गेली त्या साली भुलाबाई पुन्हा आली. आमच्या अंगणात पाट मांडला, पोरी आल्या, गाणी झाली. खिरापत मी मोठाईच्या मागं लागून, केळं कुस्करून, तळून घेतली होती. डबा कानाशी धरून मी वाजवला. आतून नुसतं धप् धप् व्हायचं, मऊ, जड. पोरींनी चिवडा म्हटलं, लाडू म्हटलं, अनारसे म्हटलं. कोणाला येईना. नियमानं आता मी झाकण उघडायला हवं होतं. पण मी आणखी एकदा डबा वाजवला, जरा जोरात, आणि मग आम्ही सगळ्याच समोरच्या दाराकडे पाहत उभ्या राहिलो. बाहेरून कडी लावलेली होती. मोठाई उंबऱ्यात होती. ती म्हणाली, "वाजव वं पोरी, अजून एकडाव वाजव."